टाकीवरच्या रेघा

काल नंदुरबारला एका गॅरेजसमोर रिक्षा थांबली आणि पॉलिशचा गोडसर, रॉकेलसारखा वास आला. मला रनाळ्याच्या आमच्या घरची ती दुपार आठवली.

माझा मोठा भाऊ मोटारसायकली चमकवून द्यायचा. साखरेच्या आजाराने त्याची नजर अंधुक होत चालली होती आणि डॉक्टरांनी लगेच बोलावलं होतं. त्या दिवशी तो अंगणात एका मोटारसायकलच्या काळ्या टाकीवर मऊ फडकं फिरवत होता. रंगावरच्या बारीक गोल रेघा घालवायच्या होत्या. उन्हात त्या मला कोळ्याच्या जाळ्यासारख्या स्पष्ट दिसत होत्या.

"सुमन, रेघा दखातस का आते?" आता रेघा दिसतात का, असं त्याने विचारलं.

तो घामाने निथळत होता. "नही भाऊ, आरसासारखी चमकी ऱ्हायनी," मी म्हणाले.

त्याचा चेहरा खुलला. स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवत तो म्हणाला, "माले बी रेघा दखातस नही. मंग मन्हा डोया आजून चांगला शेतस. डॉक्टरकडे दिवाळीनंतर जासूत."

दिवाळीनंतर गेलो, तेव्हा फार उशीर झाला होता.

त्या दुपारी वाटलं होतं, मी त्याचं मन राखलं. आता तो दिवसभर ओट्यावर बसतो, माणसं पावलांवरून ओळखतो आणि उशीर केला म्हणून स्वतःलाच दोष देतो. मी शेजारी बसून ऐकते. त्या दिवशी टाकीवर रेघा होत्या, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.