दोन दिवसांची मुळी

प्रशांत महासागरातल्या पेंटेकॉस्ट बेटावर मोल्बुले नावाचा माणूस गावच्या पुरुषघरात कावा नावाच्या झुडपाची मुळं प्रवाळाच्या दगडाने वाटून त्यांचा रस लोकांना पाजत असे. कावाच्या एका जातीने मन संध्याकाळपुरतं निवे, दुसरीने माणूस दोन दिवस सुन्न पडे.

त्याची बायको, लेइमास, वारली. चौथ्या दिवशी धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आज दुसरी घे. रडू तरी थांबेल."

रडू थांबलं. पण तिथल्या रीतीप्रमाणे पाचव्या दिवशी नवऱ्याने बायकोची लाल चटई स्वतःच्या हाताने तिच्या भावांना द्यायची असते. तो उठलाच नाही, चटई शेजाऱ्याने दिली.

शुद्धीवर येताच त्याने दुसऱ्या जातीची सगळी रोपं उपटली. आता कुणी दुःखात आला, की तो पहिलीचीच करवंटी पुढे करतो.

"याने रडू थांबत नाही, काका."

"नको थांबायला, बाळा. जागा राहा."