मंगलीबाईची चौकट

कोसमटोल्यात घरं सतरा, हातपंप एक, शाळाखोली एक. चौकटी पुष्कळ, पण नुसतं ‘चौकट’ म्हटलं की मंगलीबाईच्या दाराची. सागाची, धुराने काळी पडलेली, उंची साडेचार फूट. नाल्याकाठची जुनी वस्ती उठली तेव्हा तिच्या आजेसासऱ्याने भिंती सोडल्या, छपराचे कवेलू सोडले, चौकट तेवढी खांद्यावर आणली. इथे आधी ती उभी राहिली, मग तिच्याभोवती घर आणि घराभोवती टोला, म्हणजे ही वस्ती.

टोल्याचा इतिहास कुठे लिहिलेला नव्हता. चौकटीवर आपटलेल्या कपाळांवरून लोक तो सांगत. फॉरेस्टच्या साहेबाला टेंगूळ आलं, त्या साली शाळाखोली झाली. मंगलीबाईचा जावई आदळला, त्या उन्हाळ्यात हातपंप आला.

यंदा मंगलीबाईला घरकुल मंजूर झालं. वडशाहून सुनिल मिस्त्री आला, तो आत शिरतानाच धप्पकन आदळला.

“बाई, हे चुलीत घाला,” कपाळ चोळत तो म्हणाला. “नकाशात दार सात फुटांचं हाय. माप चुकलं त साहेब घर पास करत नाई.”

“मंग राहू दे तुहं घर,” म्हणून ती उंबऱ्यावरच बसली. तीन दिवस.

शेजारचे जंगूभाऊ समजवायला आले. “काऊन अडून राह्यली, मंगले? कपाळफोडीच त हाय ते.”

“तुमचं कोन्त्या साली फुटलं, भाऊ?”

“आमचा दिनेश झाला त्या साली,” जंगूभाऊ बोलून गेले आणि उठून सुनिललाच समजवायला गेले.

शेवटी सुनिलने पुढे सात फुटांचं दार काढलं आणि चौकट मागच्या भिंतीत बसवली. नकाशात मागे दारच नव्हतं, म्हणजे त्याचं मापही नव्हतं.

घर पास करायला साहेब आले. पुढच्या दाराला टेप लावून खूश झाले आणि न्हाणीघर पाहायला ताठ मानेने मागे निघाले. ‘वाका’ म्हणायला मंगलीबाईने तोंड उघडलं, तोवर आवाज झाला होता.

“हे दार नकाशात कुठे आहे?” कपाळ धरून साहेबांनी विचारलं. सुनिल छताकडे पाहू लागला.

“नाई जी,” मंगलीबाईने पाण्याचा गिलास पुढे केला. “थे तुमच्या नकाशात नाई. पन तुमी आता तिच्या गोष्टीत आले.”

मग जंगूभाऊंनी सगळी कपाळं सालवार सांगितली. साहेबांना हसू आवरेना. “अन् माझ्या साली काय झालं म्हणाल?”

“थे तुमच्या सहीवर हाय, साहेब,” मंगलीबाई म्हणाली.

साहेबांनी सही केली. न्हाणीघर बघायचं राहिलंच होतं. तिकडे मात्र ते कमरेत वाकून गेले.