शेवटी ठेवलेली विहीर

पूर ओसरला की लोकांना वाटतं, सुटलो. आमचं काम तिथून सुरू व्हायचं. मी तेव्हा बेज्जूरकडच्या आरोग्य केंद्रात नोकरीला होतो. तो भाग तेव्हा आंध्र प्रदेशात होता. त्या वर्षी प्राणहिता नदी गावागावांत शिरली, दोन दिवस राहिली आणि जाताना सगळ्या विहिरींत गाळ सोडून गेली. मागोमाग हगवण-ओकारी आलीच.

माझ्या हातात ब्लिचिंग पावडरची पिशवी आणि तोंडात तेच ते भाषण. पावडर बादलीत कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडायची आणि दोरानं खालवर हलवायची. मग तासभर कोणी पाणी भरू नये म्हणून राखण करत बसायचं. मंदूचा वास येतो म्हणून बाया कुरकुरायच्या. मंदू म्हणजे तेलुगूत औषध. आमच्याकडे मराठी घरांतही तोच शब्द चालतो. मी समजावायचो, मग ओरडायचो. झोप नव्हती, डोकं लगेच तापायचं.

एक विहीर मात्र मी टाळत होतो. आमच्या बौद्ध वस्तीची.

गावच्या विहिरीवर आमच्या माणसांना पाय ठेवू देत नव्हते, तेव्हा बाबांनी आणखी चौघांना घेऊन ती खोदली होती. दिवसा दुसऱ्याच्या शेतात राबायचं आणि दिवस कलला की खोदायला लागायचं. घरी कोणीही येवो, अगदी तहसीलचा कारकून, चहाच्या आधी त्याला त्या विहिरीचं पाणी मिळायचं, आणि पेला रिकामा होईपर्यंत बाबा त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. तुमच्या हातानं पाणी बाटतं, हे त्यांनी अर्धं आयुष्य ऐकलं होतं. आता पोटचा पोरगा सरकारी पिशवी घेऊन, तुमचं पाणी खराब आहे म्हणून सांगणार? माझी जीभ रेटेना.

विहिरींची यादी मीच केली होती. आमची मी सगळ्यात खाली लिहिली. आपला कठडा उंच आहे, फारसं आत गेलं नसेल, अशी मनाची समजूत घातली. खरं तर कठड्यावरून आत उतरलेली गाळाची रेघ मला चांगली दिसत होती. आईला तेवढं हळूच सांगितलं, पाणी उकळून घेत जा. ती म्हणाली, लाकडं ओली आहेत, चूल स्वयंपाकापुरती पेटली तरी खूप झालं. ते ऐकून मी दुसऱ्या गावाला निघून गेलो. याची मला आजही लाज वाटते.

चौथ्या दिवशी सकाळी आई आजारी पडल्याचा निरोप आला. पोचलो तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते आणि हाताची चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहत होती. रस्ता वाहून गेलेला, जीप येणं शक्य नव्हतं. खाटेवर घालून चौघांनी तिला चिखलातून केंद्रात नेलं. वाटेत मी साखर-मिठाचं पाणी चमच्यानं पाजत होतो, ते ओठांवरून ओघळत होतं. सलाईन लावायला शीर सापडेना. दुपार कलायच्या आत ती गेली.

तिला माती दिल्यावर दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन आमच्या विहिरीवर गेलो. बाबा मागून आले. आता शिव्या बसतील म्हणून मी मान खाली घालून पावडर कालवत राहिलो. त्यांनी विचारलं, बाकीच्या विहिरींत कधी टाकलं? मी सांगितलं, पूर उतरल्या उतरल्या.

त्यांनी कठड्यावरच्या गाळावरून बोट फिरवलं.

"मंग मले काऊन नाई सांगतलं?" ते म्हणाले. "मी काय आयकलं नसतं?"

मी त्यांना भीत होतो, त्यांना जपत होतो, सगळं खरं. पण ते ऐकतील, असं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.