बिनधुराची डिलिव्हरी

ईश्वर घाडी मूळचा रत्नागिरीकडचा. भाईंदरला आल्यापासून एका कुरिअर ऑफिसची पार्सलं सायकलवर वाटायचा. २००८च्या सुमारास लोक इंटरनेटवरून पुस्तकं, घड्याळं, मोबाइल मागवायला लागले आणि त्याचं काम वाढलं.

त्याच सुमारास ऑफिसात कौस्तुभ नावाचा तरुण मॅनेजर आला. माल पोचवताना धूर कमी कसा होईल, हे त्याला बघायचं होतं. मोटरसायकल, बॅटरीची स्कूटर, सायकल, सगळं भाईंदरपलीकडच्या उत्तन गावाच्या बाजूला फिरवून झालं. स्कूटर वाटेतल्या डोंगरी गावाच्या चढावर बंद पडली. मोटरसायकल लवकर पोचायची, पण पेट्रोल जाळत. शेवटी ठरलं, पार्सलं सकाळच्या बसने उत्तनजवळच्या पाली गावात एका घरी उतरवायची आणि तिथून ईश्वरने सायकलवर वाटायची.

"घर तुम्ही बघा, काका. तुम्हाला लोक ओळखतात," कौस्तुभ म्हणाला.

ईश्वरने पालीतल्या ओळखीच्या मिनलला विचारलं. ती मासे विकायची. तिने पडवीतली जाळी आत नेली, पार्सलं भिजू नयेत म्हणून पदरच्या पैशाने वर नवे पत्रे घातले. पुढे वर्षभर तक्रार आली नाही. कुणी घरी नसलं तर पार्सल मिनल ठेवून घ्यायची.

"आपलं काम मोठ्या ऑफिसात दाखवतायत," ईश्वर बायकोला, ममताला सांगायचा.

तिकडे टाळ्या पडल्या. कौस्तुभ बढती घेऊन पुण्याला गेला. नवा मॅनेजर म्हणाला, "बाकीच्या कंपन्या त्याच दिवशी माल देतात. आता सगळे बाइकवर. तुम्हाला येते?"

"नाही साहेब."

"मग अवघड आहे."

ईश्वरने कौस्तुभला फोन लावला.

"काका, तो प्रयोग होता हो. छान झाला ना पण!"

मिनलला सांगायला ऑफिसातून कुणी गेलं नाही. ईश्वरच गेला.

"म्हंजे आता न्हाय येनार पार्सलं?"

"नाही."

"मंग पत्रं कशाला घातलं मी?"

तिने पाणीसुद्धा विचारलं नाही.

पुढे तो मीरा रोडला एका सोसायटीत वॉचमन लागला. एकदा त्याच्या जुन्या कुरिअरची बाइक सकाळी आली आणि दुपारी दुसरी, त्याच फ्लॅटसाठी.

"दोन्ही पार्सलं एकत्र आणता आली नसती?" त्याने बाइकवाल्याला विचारलं.

"अपने को क्या, चाचा? गेट खोलो."

ईश्वरने गेट उघडलं.