रांजणभाऊ वन्स मोअर घेत नसत

रांजणभाऊ नुसतं 'हं' म्हणाले, तरी माझ्या ऑर्गनवर ठेवलेली चहाची बशी किणकिणायची. खोटं वाटत असेल तर आमच्या नाट्यसंस्थेतल्या कोणालाही विचारा. अर्थात विचारायला आता उरलंय कोण म्हणा! तो पायाने भाता मारायचा ऑर्गन सध्या वर्तकनगरला माझ्या मुलाच्या घरी, बाल्कनीच्या दाराशी पडून आहे. सून त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते. मी कधीमधी वाजवते, पण डावीकडच्या खालच्या पट्ट्यांना हात लावत नाही. एकदा लावला होता, आणि घरात दुसरं कोणी नसताना माझ्या पाठीमागे कोणीतरी हळूच श्वास घेतला असं मला वाटलं. तुम्ही म्हणाल, म्हातारीला भास होतात. होऊ देत की.

भाऊ कल्याणच्या एका शाळेत भूगोल शिकवत आणि ठाकुर्लीला राहत. त्यांचे वडील वस्त्यावस्त्यांतून बाबासाहेबांची गाणी गाणारे. माईक नसला तरी मैदानाच्या टोकाला ऐकू जाईल असा त्यांचा उंच, धारदार आवाज होता म्हणे. मुलाचा आवाज फुटला तो थेट तळालाच गेला. "हा आवाज आपल्या घरातला नाही," असं वडील म्हणाले होते, आणि ते वाक्य भाऊ आम्हाला हसत हसत सांगायचे. हसताना डोळे मात्र हसत नसत. रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावं तसा तो आवाज, म्हणून ते रांजणभाऊ. हे नाव त्यांना आवडायचं. आवाजाचा गर्व होताच त्यांना, आणि तो ते लपवतही नसत.

डोंबिवलीत तेव्हा आमची हौशी मंडळी संगीत नाटकं करायची. संगीत नाटकाचा नायक म्हणजे काळी चारच्या खाली उतरणं त्याला कमीपणाचं वाटायचं. भाऊंचा सा पांढरी एकवर, आणि तिथून ते जिना उतरल्यासारखे खाली मंद्र पंचमापर्यंत जात. अशा माणसाला पद कोण देणार? राक्षस, तुरुंगाधिकारी, नाहीतर विंगेतून ऐकू येणारी आकाशवाणी. हे वर्षानुवर्षं चाललं. भाऊ दर नाटकाला न चुकता यायचे, आकाशवाणी करायचे आणि मफलर गुंडाळून घरी जायचे. मफलर मे महिन्यातही. "ताई, आवाज म्हणजे डोंबिवलीचं पाणी," ते मला म्हणायचे. "दिवसभर नळ सोडून ठेवला, तर संध्याकाळी काय येणार?" म्हणून ते वर्गात ओरडत नसत. पट्टी आपटत.

मग आमच्यातल्याच एकाने खाडीवरच्या एका म्हाताऱ्या नाखव्याचं नाटक लिहिलं. नाखव्याचा तरुण मुलगा होडी घेऊन जातो, होडी रिकामी परत येते. शेवटच्या प्रवेशात बाप जाळं शिवत बसलेला असतो, बोलता बोलता गाऊ लागतो, आणि पदाच्या शेवटच्या ओळीवर पडदा पडतो. 'ओहोटीला गेलास बाळा, भरतीला तरी ये.' एवढीच ती ओळ. आमचे व्यवस्थापक आप्पा म्हणाले, "हे पद उंच आवाजात शोभणार नाही, रांजणाला द्या." चाळिशी उलटल्यावर भाऊंना पहिलं पद मिळालं ते असं.

तालमीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला धाक घातला. पद सुरू होण्याआधी ऑर्गनने सूर द्यायचा, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. "सूर द्यायचा नाही," भाऊ म्हणाले. "तुम्ही सूर दिलात की लोक खोकून घेतात, सरसावून बसतात. आता गाणं आहे हे त्यांना कळतं. त्या बापाला कुठे माहीत असतं की आता गाणं आहे?"

"अहो, मग तुम्ही सुरात कसे येणार?" मी म्हटलं. "आणि तुम्ही भलतीकडे गेलात तर मी काय पट्ट्या चाचपत बसू?"

"मी बोलत बोलत येईन. तुम्ही फक्त माझ्या खांद्यांकडे बघा. हलले तर सांगा."

मी बघायला लागले. खांदे कधीच हलले नाहीत. गाणारा माणूस पदाआधी छाती भरून घेतो, ते मागच्या रांगेतूनही दिसतं. भाऊ श्वास घ्यायचे बोलण्याच्या मधे, नको तिथे, एखादा शब्द आठवत नसल्यासारखे थांबून. तालमीच्या वर्गात ते सतरंजीवर उताणे पडत, पोटावर शाळेचे दोन जाडजूड नकाशासंग्रह ठेवत आणि श्वासाबरोबर ते वरखाली करत. आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसायचो. "हसा," ते पडल्या पडल्या म्हणायचे, "सगळं जग पोटावर घेतलंय मी." पण प्रयोगात मात्र हसू पळून जायचं. त्यांचं एकेक वाक्य आधीच्यापेक्षा किंचित खाली बसायचं, आणि कुठल्या शब्दावर बोलणं संपून पद सुरू झालं ते मला, ऑर्गनवर बोट ठेवून बसलेल्या बाईला, एकदाही नेमकं सांगता आलं नाही. मी पट्टी दाबायचे तेव्हा ते तिथे आधीच येऊन बसलेले असायचे.

आणि 'ये' म्हणताना? तिथे आमच्या कुठल्याही नायकाने तान घेतली असती, दोन्ही हात पसरले असते. भाऊ तो सूर सरळ ठेवायचे. कंप नाही, हरकत नाही. हात जाळं शिवत असायचे. 'भरतीला' म्हणेपर्यंत सुई चालायची, 'तरी'ला थांबायची, आणि 'ये' इतकं हळू यायचं की त्यात आवाज थोडा आणि श्वासच जास्त. तरी ते शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायचं. हे कसं करता म्हणून मी खोदून खोदून विचारलं, तर म्हणाले, "ताई, मी लोकांना ऐकवत नाही. खाडीच्या पलीकडे कोणीतरी आहे, त्याला ऐकवतो. लोक वाटेत बसलेत." माझ्या अंगावर काटा आला. लिहितानाही येतोय.

ठाण्याच्या पहिल्या प्रयोगाला पडदा पडला आणि नाट्यगृहातून एकच गजर झाला, "वन्स मोअर! वन्स मोअर!" संगीत नाटकात याच्यापरता मान नाही. पडदा पुन्हा उघडायचा, नटाने तेच पद पुन्हा म्हणायचं. मेलेली पात्रंसुद्धा उठून गातात हो आमच्यात! आप्पा विंगेतून धावत आले. "भाऊ, चला, पडदा उघडतोय."

"नाही."

"अहो, लोकांनी वन्स मोअर दिलाय!"

"मुलगा एकदा बुडाला, आप्पा. पुन्हा कसा बुडवू?"

आप्पांनी कपाळाला हात लावला. बाहेर शिट्ट्या झाल्या, शिष्ट आहे मेला, असंही कोणी म्हणालं. भाऊ शांतपणे दाढी सोडवत बसले. पुढे दर प्रयोगाला हेच. हळूहळू आमच्या भागातल्या प्रेक्षकांनाच ते पाठ झालं. कल्याणला कोणी नवखा ओरडलाच, तर शेजारचा त्याला दटावायचा, "अरे गप, रांजणभाऊ वन्स मोअर घेत नाहीत." लोक मग टाळ्याही न वाजवता बसून राहायचे. बऱ्याच जणांना वाटे की भाऊंचा एखादा मुलगा गेला असणार. छे! दोन गुटगुटीत मुली आणि दिवसभर कटकट करणारी गोड बायको, असा त्यांचा भरला संसार होता.

डोंबिवलीच्या एका दुपारच्या प्रयोगानंतर रंगपटाच्या दारात एक कोळीण येऊन उभी राहिली. खाडीकाठच्या गावातली, आमच्याच बाजारात मासळी विकणारी. तिचा मुलगा बारकू होडीवर गेला होता आणि त्याची होडी खरोखरच रिकामी आली होती. ती भाऊंना म्हणाली, "दादा, होरी आली तवा मी नुसती उबी ऱ्हायली. मना हाक मारता आली नाय. तू मारलीस. आजून एक डाव मार ना रं."

भाऊंची अर्धी दाढी हातात, अर्धी गालावर. त्यांनी तिला खुर्ची दिली, समोर उभे राहिले आणि तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला, तर भूगोलाच्या मास्तरांचा आवाज आला. "मावशी, नाही येत," ते म्हणाले. "पुढच्या वेळी नक्की."

मावशीने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि ती गेली. भाऊ मला म्हणाले, "ताई, इतके दिवस तो नाटकातला मुलगा होता. आता तो बारकू आहे." त्यानंतर ते पद आणखी खोल गेलं. मला कधी कधी ऐकवायचं नाही. आणि मावशी? मी तिच्याकडे बोंबील घ्यायला गेले की वाटा टाकता टाकता विचारायची, "दादा कवा हाक मारनार?" ती प्रयोगाला यायची, पण भाऊंचा नेम मोडायचा नाही. "अजून तयारी नाही," असं ते म्हणत. कसली तयारी, ते मी विचारलं नाही.

मग त्यांचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणाले, मग शाळेतली खडूची धूळ. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. शस्त्रक्रियेच्या आधी नाटकाचा एक प्रयोग ठरलेला होता. आप्पा तो रद्द करायला निघाले, तर भाऊ त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. प्रेक्षकांना काही कळवायचं नाही, ही त्यांची अट. मला मात्र त्यांनी बाजूला घेतलं. "ताई, मावशीला पहिल्या रांगेत बसवा. आज वन्स मोअर घेणार. लोक ओरडले की पडदा उघडा ठेवायला लावा, आणि तेव्हा मला सूर द्या. माझा भरवसा नाही."

त्या दिवशीचं त्यांचं गाणं मी कसं सांगू! वरचे सूर सगळे गेले होते, उरले होते चारपाच. आवाजाला खरखर आली होती. ते त्या चार सुरांतच राहिले, चाल तिथेच वळवून घेतली, खरखर दडवली नाही. जिथे आवाज तुटत होता तिथे त्यांनी नाखव्यालाच थांबवलं. बघणाऱ्याला वाटावं, बापाचाच गळा दाटलाय. 'ये' म्हटलं आणि ते समोर बघत थांबले.

कोणी ओरडलं नाही.

आमची माणसं शहाणी झाली होती ना! रांजणभाऊ वन्स मोअर घेत नाहीत, हे त्यांनी स्वतःच लोकांना शिकवलं होतं. सगळं नाट्यगृह आदराने गप्प बसलं होतं. मावशी पदरात तोंड घालून रडत होती. मी जीव तोडून भाता मारला, सा दिला, दाबून धरला. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. पण पडदा ओढणाऱ्यालाही सवयच होती. त्याने पडदा ओढला. मला त्या क्षणी त्या सगळ्या शहाण्या माणसांचा असा संताप आला की काय सांगू! तो सा मात्र अजून माझ्या बोटाखाली आहे, आणि त्यावर कोणी आलेलं नाही.

शस्त्रक्रियेनंतर भाऊ घरी आले. गळ्यावर पांढरं फडकं, हाताशी मुलीची जुनी पाटी. ते त्यावरही फारसं लिहीत नसत. मी बाजारात मावशीला सगळं सांगितलं. तिने मासळीची पाटी शेजारणीच्या हवाली केली आणि म्हणाली, "चल."

ठाकुर्लीच्या त्या खोलीत आम्ही गेलो तेव्हा भाऊ खिडकीशी पडले होते. मावशीला बघून त्यांनी तोंड फिरवलं. माणूस किती शरमला होता ते मला बघवेना. ती पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसली. "दादा, तुजी हाक ऱ्हायली," ती म्हणाली. "ऱ्हाऊं दे. आता मीच मारतंय. मना आता येतंय."

आणि तिने हाक मारली. बाजारात ओरडून घोगरा झालेला तिचा आवाज. सूर दोनदा घसरला, श्वास कुठेही घेतला. "ओहोटीला गेलास बाला, भरतीला तरी ये." भाऊंच्या पायाशी बसून ती खिडकीबाहेर, खाडी होती त्या बाजूला बघत होती. 'तरी'पाशी ती थांबली, अगदी भाऊ थांबायचे तशी, आणि 'ये' ओठांतून कसंबसं सुटलं.

भाऊंनी तोंड वळवलं. त्यांचे डोळे वाहत होते. गळ्यावरचं फडकं श्वासाने वरखाली होत होतं, आणि सवयीने माझं लक्ष त्यांच्या खांद्यांकडे गेलं. दोन्ही खांदे गदगदत होते. मग त्यांनी चादरीवरचा हात उचलला आणि एक बोट वर केलं.

वहिनी लगबगीने तांब्या घेऊन आल्या.

"पाणी नकोय त्यांना, वहिनी," मी म्हटलं. "ते वन्स मोअर देतायत."

मावशीने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा हाक मारली.