हवावाले महालिंगप्पा

उमरग्यात हायवेला लागून राहणाऱ्या महालिंगप्पांना लोक अजून 'हवावाले' म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, टायरात हवा भरत असतील. तसं नाही. मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात, आणि ते काम उमरग्यात पहिल्यांदा कुणी शिकून आलं असेल तर ते महालिंगप्पा. हुमनाबादेत खाजामियाँ नावाचे उस्ताद होते. त्यांच्या हाताखाली तीन वर्षं राहून, नट आवळून आवळून तळहात कातडी चपलेसारखे करून ते परत आले आणि जकात नाक्याच्या पुढं पत्र्याचं गॅरेज टाकलं.

खाजामियाँ एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. "बेटा, तेल गळ्या तो जमीन पे दिखता. हवा दिखती नै. उसको सुन्ना पडता."

महालिंगप्पांनी ते ऐकणं असं कमावलं की रस्त्यापलीकडच्या हॉटेलात बशीतला चहा फुंकत बसले असताना समोर ट्रक थांबला की म्हणायचे, "डाव्या अंगाचं मागचं चाक. पाईप गेलाय." ड्रायव्हर लोक आधी हसायचे, मग वाकून बघायचे, मग टोपी काढून डोकं खाजवायचे. हैदराबादेहून निघालेला माणूस उमरग्यापर्यंत दम धरायचा, पण ब्रेकला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही.

चार वर्षांपूर्वी तो कान गेला. एकदम नाही, हळूहळू. समोर बसून बोललेलं ऐकू यायचं, पण बारीक आवाज एकेक करून निघून गेले. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी लांब गेली आणि शेवटी हवेचा सूं आवाज पार बंद झाला. महालिंगप्पांनी हे कुणाला सांगितलं नाही. गुडघे दुखतात म्हणाले आणि गॅरेज जावयाच्या, मल्लिनाथच्या हवाली केलं. खरं काय ते फक्त इरम्माला ठाऊक. ती माउली तेव्हापासून नवऱ्याशी मोठ्यानं बोलायला लागली, आणि शेजारणीनं विचारलं तर म्हणायची, "माझा आवाजच तसला हाय, काय करू?"

यंदाच्या वेळ अमावस्येची, शेतात पूजा करून तिथंच जेवायच्या सणाची गोष्ट. त्या दिवशी उमरगा सकाळपासूनच ओस पडतो. दुकानं बंद, गॅरेजं बंद, जो तो डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन शेताकडं. मल्लिनाथ लेकराबाळांना घेऊन पुढं गेला होता. इरम्मा भज्जीचं, म्हणजे पालेभाज्या-डाळींच्या कालवणाचं पातेलं फडक्यात बांधत होती, आणि महालिंगप्पा धोतर नेसून ओट्यावर रिक्षाची वाट बघत होते. तेवढ्यात दारात एक लांबलचक गाडी येऊन उभी राहिली.

बस म्हणावी तर खिडक्यांना फुलाफुलाचे पडदे. वर पाण्याची टाकी, दाराशी तुळशीची कुंडी दोरीनं बांधलेली. ड्रायव्हरच्या जागेवरून पस्तिशीची एक बाई उतरली आणि तिनं वाकून नमस्कार केला.

"अप्पा, मी अर्पिता. परंड्याच्या कोंडीराम ड्रायव्हरची मुलगी. बाबा आत आहेत."

कोंडीराम! तीस वर्षं सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक हाकलेला माणूस. महिन्यातून दोनदा गॅरेजवर यायचा, आला की बाजेवर आडवा होऊन परंड्याच्या किल्ल्याच्या गप्पा ठोकायचा. आठ वर्षांत तोंड दिसलं नव्हतं.

आत बाकावर गादी घालून कोंडीराम बसला होता. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. आठ वर्षांपूर्वी पक्षाघातानं उजवं अंग नेलं होतं.

"म्हालिंग," तो जरा जड जिभेनं म्हणाला, "पोरगीनं घर केलंय बघ गाडीचं. म्हनली, बाबा, तुमचा रस्ता पुन्यांदा दावा मला."

अर्पितानं सगळं सांगितलं. ती परंड्यात शाळेची गाडी चालवायची. वडील अंथरुणाला खिळल्यावर खिडकीतून रस्ता बघत तासन्‌तास बसायचे, जेवायचेही नाहीत. तेव्हा तिनं एक जुनी ट्रॅव्हल्स घेतली, आतल्या सीटा काढून पलंग, शेगडी, मोरी बसवून घेतली. हैदराबादपर्यंत जाऊन आता परत निघाली होती. तुळजापूरला देवीचं दर्शन घेऊन घाट उतरायचा आणि सोलापुरावरून घरी जायचं.

"पण शाळेच्या गाडीला तेलाचे ब्रेक होते, अप्पा. हे हवेचं मला नीट कळत नाही. काल ब्रेक दाबला तर जरा उशिरा धरल्यासारखं वाटलं. बाबा म्हणाले, घाट उतरायच्या आधी उमरगा. दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही."

इतक्या वर्षांनी कुणीतरी महालिंगप्पांच्या नावानं आलं होतं. आज मल्लिनाथ नाही, उद्या या असं म्हणता आलं असतं. पण कोंडीराम डोळे लावून बघत होता. त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि इरम्माला म्हणाले, "गॅरेजची किल्ली दे."

इरम्मानं किल्ली दिली. देताना नवऱ्याच्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

शेजारच्या गॅरेजातून अवजारं आणली आणि चाकांना पुढून-मागून दगड लावले. अर्पितानं इंजिन चालू केलं. हवेचा काटा पाचावर, सहावर, मग आठावर चढला आणि गाडीनं मोठ्यानं 'फस्स' केलं. ते महालिंगप्पांना ऐकू आलं. हुरूप आला.

"आता बंद कर इंजिन. ब्रेक पूर्न दाब आन पाय हलवू नको."

ते गाडीभोवती फिरले. प्रत्येक चाकाशी थांबले, मान वाकडी करून कान लावला. आधी उजवी बाजू, मग डावी. सगळीकडं कापूस भरल्यासारखी शांतता. काहीच नव्हतं. त्यांनी हात झटकले आणि जुन्या थाटात म्हणाले, "टाईट हाय. जावा बिनघोर."

"पण अप्पा," वरून अर्पिता म्हणाली, "काटा खाली यायलाय."

महालिंगप्पा वर चढले. आठावरचा काटा सातावर आला होता आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आणखी उतरत होता. मिनिटभरात एवढी हवा गेली म्हणजे थेंब-थेंब गळती नव्हती, चांगली धार होती. एवढ्या मोठ्या गळतीजवळून ते आत्ताच 'टाईट हाय' म्हणत गेले होते. घाटात बापलेकीला पाठवत होते ते!

कोंडीराम बाकावरून सगळं बघत होता. "म्हालिंग," तो हळू आवाजात काहीतरी म्हणाला. महालिंगप्पांनी नुसतंच बघितलं. मग कोंडीरामनं तेच मोठ्यानं विचारलं, "तुला ऐकू येत न्हाय का?"

गाडीच्या दाराशी उभी असलेली इरम्मा पुढं झाली. नेहमीप्रमाणं काहीतरी सावरून घेणार होती. पण महालिंगप्पांनी हातानं तिला थांबवलं.

"न्हाय येत," ते म्हणाले. "चार वर्सं झाली. कुनाला बोललो न्हाय."

मग कोंडीराम गदगदून हसायला लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. "माझा पाय गेला, तुझा कान गेला. आपुन दोघं मिळून एक माणूस पुरा होईना, आन घाट उतरायला निघालोय."

महालिंगप्पांनाही हसू फुटलं. चार वर्षं छातीवर ठेवलेला दगड असा हसण्यावारी जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"पोरी," ते अर्पिताला म्हणाले, "कान तुझा. काय ऐकायचं ते म्या सांगतो. ब्रेक दाबायला मातर मानूस पायजे."

"म्या हाय की," कोंडीराम म्हणाला. "डावा पाय शाबूत हाय माझा."

मग तिघांनी धरून त्याला पुढं नेलं आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. आठ वर्षांनी तो स्टिअरिंगसमोर बसला. त्यानं डावा हात चाकावर ठेवला, काही वेळ नुसता ठेवूनच दिला. मग डावा पाय ब्रेकवर आला आणि तो एकदम जुन्या खणखणीत सुरात ओरडला, "दाबलाय रं, बघा!"

खाली सतरंजी टाकून महालिंगप्पा आणि अर्पिता शेजारी शेजारी आडवे झाले. "सगळ्या गाडीचं ऐकू नको," ते म्हणाले. "एकेका चाकाचं ऐक. चाकाजवळ हा डबा दिसतो का? त्याच्याकडं जाणाऱ्या पाईपावर ध्यान ठेव. साप भिताडाआड असल्यावानी आवाज येतो."

अर्पितानं डोळे मिटले. सरकत सरकत मागं गेली. "इथं आहे, अप्पा. डावीकडं, मागच्या चाकाच्या अलीकडं."

महालिंगप्पांनी साबणाच्या पाण्याचा फडका तिथं पिळला. पांढरा फेस फुगून वर आला. मोरीचं पाणी साठवायची टाकी बसवताना कुणीतरी लोखंडी पट्टी थेट ब्रेकच्या रबरी पाईपला चिकटवून मारली होती. दर धक्क्याला घासून घासून पाईप चिरला होता. ब्रेक दाबला की तिथून हवा निघून जायची.

गॅरेजातून नवा पाईप आणून त्यांनी स्वतः घातला. पट्टी वाकवून लांब केली. हात अजून कसलेले होते. कुठला नट कुठवर आवळायचा हे त्यांना बघावं लागत नव्हतं. पुन्हा आठावर हवा चढवली, पुन्हा ब्रेक दाबला. काटा जागचा हलला नाही.

पण त्यांनी अर्पिताला सोडलं नाही. हवेच्या टाकीखालची कडी ओढायला लावली, तेव्हा आतून चहासारखं पाणी भसाभसा आलं. "घरगाडी चार-चार दिस उभी ऱ्हाती. पानी साठतं, गंज धरतो. रोज सकाळी सोडायचं." मग इंजिन बंद ठेवून ब्रेक पुन्हा पुन्हा दाबायला सांगितला. काटा पाचाखाली उतरला तसा बजर कोकलायला लागला.

"हवा सगळीच संपली तर?" अर्पितानं विचारलं. "गाडी सुटेल ना उताराला?"

"सुटत न्हाय. मागच्या चाकांत दणकट स्प्रिंगा हायत. हवा त्यास्नी दाबून धरती, म्हनून गाडी चालती. हवा गेली की स्प्रिंग सुटून चाक आवळती. पर ती कवा आवळंल, कुठल्या वळनावर, ते आपल्या हातात न्हाय. म्हनून बजर वाजला की वाट बघायची न्हाय. पाय ब्रेकवर, गाडी बाजूला. आन घाटात?"

"खालचा गिअर," कोंडीराम वरून म्हणाला. "चढायला जो गिअर, उतरायला त्योच. ब्रेक नुसता धरून ठेवायचा न्हाय."

"मला बोलू दे की," महालिंगप्पा म्हणाले.

दुपार कलायला लागली होती. इरम्मानं भज्जीच्या पातेल्यावर हात ठेवून बघितला आणि म्हणाली, "अवो, शेतावर सगळी वाट बघत असतील. रिक्षा गेली कवाच."

"मग काकू, चला की," अर्पिता म्हणाली. "गाडी चालवून बघायचीच आहे."

असे चौघं येणेगूरच्या वाटेवरच्या शेताकडं निघाले. महालिंगप्पा अर्पिताशेजारी, काट्यावर नजर ठेवून. इरम्मा पलंगावर, पातेलं मांडीत आणि आंबिलीचं मडकं पायांत धरून. तिच्या लक्षात आलं की नवऱ्यानं हजारो गाड्या दुरुस्त करून रस्त्याला लावल्या, पण त्यातल्या एकाही गाडीत ती आजवर बसली नव्हती. ती पडदा सारून हरभऱ्याची रानं बघत राहिली. शेताच्या वळणावर अर्पितानं ब्रेक दाबला, आणि आंबील न हिंदकळता गाडी उभी राहिली.

ज्वारीच्या ताटांच्या कोपीत पूजा झाली होती. कोंडीरामला गाडीच्या दारातच बसवलं. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील समोर आले. डाव्या हातानं भज्जी कालवत तो म्हणाला, "त्या साली आठवतं का? अमावस्येला हॉटेल एक उघडं न्हवतं. सात ड्रायव्हर उपाशी. तू सगळ्यांस्नी हितं आनलास."

"आठ व्हते," महालिंगप्पा म्हणाले. "त्यो आंध्राचा मोजला न्हाईस. त्यानं आंबील दारू समजून घेतली न्हाई."

त्यावरून किती वेळ हसले. मग नावं निघाली, कोण कुठं असतो, कोण राहिला, कोण गेला. खाजामियाँचं नाव निघालं तसा महालिंगप्पांनी कानाच्या पाळीला हात लावला.

मल्लिनाथ हात धुऊन आला तेव्हा महालिंगप्पांनी त्याला जवळ बसवलं आणि कानाचं सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "मामा, मला ठाऊक व्हतं. तुमी सांगाल म्हनून वाट बघत हुतो." मग महालिंगप्पा म्हणाले, आठवड्यातून तीन दिवस गॅरेजवर येतो, ऐकायचं तू, शोधायचं आपण दोघांनी.

उन्हं उतरायच्या आत बापलेक तुळजापूरकडं निघाले. इरम्मानं उरलेले उंडे बांधून दिले. महालिंगप्पा बांधावर उभे राहिले, गाडी येणेगूरच्या चढावर दिसेनाशी होईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी सकाळी अर्पिताचा फोन आला. महालिंगप्पांनी सरळ इरम्माच्या हातात दिला. ती ऐकत गेली आणि मोठ्यानं सांगत गेली.

"घाट उतरले म्हनती. वर थांबून पानी सोडलं, काटा बघितला. खालच्या गिअरात आली." ती थांबली, हसली. "आन कोंडीराम भावजी घाटभर बडबडत हुते म्हनती, 'म्हालिंग असता तर असं म्हनला असता.' आता घरी पोचलेत. त्यांच्याकडची पन्नाळी आमटी खायला बोलवत्यात, परंड्याला."

"कवा?" महालिंगप्पांनी विचारलं.

"म्हनती, सांगा कवा. न्यायला गाडी घेऊन येती."