तापीच्या पाण्याची धार

आमचे हे माणसांची तोंडं हुंगायचे. हसू नका, खरंच सांगते. वसतिगृहाचे व्यवस्थापक होते ना! डोंगरातला विद्यार्थी सुट्टीवरून परत आला की त्याला फाटकातच उभा करायचे, स्वतः टाचा उंचावायचे आणि म्हणायचे, "हा कर." त्यानं 'हा' करून यांच्या नाकावर श्वास सोडायचा. वास नाही आला तर आत, आला तर ट्रंक उचलायची आणि चालू पडायचं. खालच्या गावांतल्या बागायतदारांची पोरं सुट्टीत काय ढोसून येत ते देवाला माहीत. त्यांना कधी कुणी 'हा' करायला लावलं नाही. मी एकदा बोलले तसं. तर म्हणाले, "तुला शिक्षणातलं काय कळतं?" ते दारूबंदीच्या चळवळीचे दिवस, गावोगाव दारू सोडायच्या शपथा चालायच्या, आणि यांच्या नाकाचा तालुक्यात दबदबा होता.

गाव आमचं शहाद्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. एवढंसं गाव, पण हायस्कूल, मास्तर तयार करणारा ट्रेनिंगचा वर्ग आणि दोन वसतिगृहं होती, म्हणून स्वतःला विद्येचं गाव म्हणवायचं. आणि चहूकडे मोहाची झाडं. चैत्रात फुलं पडायला लागली की गावभर गोडसर, आंबूस वास सुटायचा आणि वर्गातले निम्मे बाक ओस पडायचे, कारण पोरं घरी फुलं वेचायला जात. वरच्या टोकाला शाळा, खालच्या टोकाला सरकारी परवान्याचा गुत्ता. घरी दारू गाळली तर शिपाई येऊन मडकी फोडायचे. गुत्त्यावर जाऊन प्यायली तर सरकारची काही हरकत नव्हती. खानावळी आणि दुकानं दोन्ही टोकांच्या गिऱ्हाइकांवर चालायची, नाव मात्र सगळे शाळेचंच घ्यायचे.

ट्रेनिंगच्या वर्गात पावरा जमातीचा एक जण होता. तोरणमाळच्या उतारावरच्या पाड्यातला, चांगला बायकोपोराचा बाप्या. त्याच्या पाड्यावर आजवर खालून दोन मास्तर गेले आणि दोघंही चढाव नि ताप बघून महिन्याभरात पळाले. तेव्हा पाड्यानं ठरवलं, आपलाच माणूस मास्तर करायचा. त्याचं शेत भाऊबंद कसत होते आणि शाळेसाठी झोपडी आधीच उभी केली होती. हा परीक्षा पास झाला तर पाड्यावर शाळा, नाही तर नाही. मी आधीपासूनच त्याला 'मास्तर' म्हणून चिडवायची. तो लाजायचा. मराठी माझ्याहून शुद्ध बोलायचा मेला. माझ्या तोंडी आपली माहेरची अहिराणी.

परीक्षेला महिना उरला असेल. मी भर दुपारी जोंधळे निवडत बसले होते, तर हा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा. तोंड पांढरं पडलेलं.

"काय व्हयनं, भाऊ?"

"बाई, माझे वडील वारले. पाड्यावरून माणूस आला आहे."

मी त्याला गूळ-पाणी दिलं. यांनी चार दिवसांची रजा दिली होती, तरी हा जागचा हलेना. मग हळूहळू बोलला. त्यांच्यात तिसऱ्या दिवशी मेलेल्याच्या नावानं मोहाची धार जमिनीवर सोडतात. पहिली धार मुलानं सोडायची आणि उरलेला घोट त्यानंच घ्यायचा. त्याशिवाय मेलेला पूर्वजांच्या पंगतीत बसत नाही, तहानलेला हिंडत राहतो. "घोट घेतला तर साहेबांना वास येईल, बाई. आणि विचारल्यावर खोटं मला बोलता येणार नाही."

आता मी काय करावं? गप्प बसावं ना! पण नाही. मला आपली हुशारी सुचली. माझं माहेर प्रकाशा गावचं, तापीकाठचं. देव्हाऱ्यात तापीच्या पाण्याचा गडू होता, तोंड लाखेनं बंद केलेला. माझ्या आईनं लग्नात दिलेला, माझ्या शेवटच्या घोटासाठी. मी त्याची लाख फोडली आणि औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत पाणी ओतलं. मोहाची दारूही पाण्यासारखीच नितळ असते, कोण बघतंय!

"हाई तापीनं पानी शे, भाऊ. यान्हापेक्षा मोठं काय शे? तुन्हा बाप तरी जाई."

तो बाटलीकडे बघत राहिला. म्हणाला, "बाई, माझे वडील तापीपर्यंत कधी उतरलेच नाहीत."

"मग आता भेटेल त्यांना," मी म्हणाले. काय पण माझं शहाणपण! जीभ का झडली नाही तेव्हा? त्याला वाटलं असेल, साहेबांची बाई सांगते, देवाचं पाणी देते, नाही कसं म्हणावं. बाटली धोतराच्या सोग्यात बांधून तो डोंगर चढायला लागला.

पाचव्या दिवशी सकाळी परत आला. फाटकात उभा राहून 'हा' केलं. यांनी दोनदा हुंगलं, मग सगळ्या पोरांना गोळा करून त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघा, बाप गेला तरी शपथ मोडली नाही यानं!" मी खिडकीतून बघत होते, आणि खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला. नंतर विचारलं, नीट झालं ना सगळं? "झालं, बाई," एवढंच बोलला आणि पुस्तक उघडून बसला. मी समजले, बापाचं दुःख आहे. परीक्षा पास झाला, त्याच्याच पाड्यावर नेमणूक झाली. मी वसतिगृहात गूळ वाटला.

दुसऱ्या वर्षी चैत्रात तो आमच्या ओट्यावर येऊन बसला. मी ओळखलंच नाही आधी. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. "काय रे मास्तर, पोरं फार छळतात का?" मी आपली जुन्या सवयीनं.

"पोरंच नाहीत, बाई," तो म्हणाला. "शाळा बंद झाली."

मग सांगितलं त्यानं. तिसऱ्या दिवशी त्यानं मोहाचं मडकं गुपचूप बदलून बाटलीतल्या पाण्याची धार सोडली, घोट घेतला, कुणाला काही कळलं नाही. पण पाड्यातला सगळ्यात जुना म्हातारा पुढं झाला, खाली वाकला, ती ओली माती चिमटीत घेतली आणि हुंगली. एकदा हुंगली, दुसऱ्यांदा हुंगली. माती टाकून निघून गेला. त्याच्यामागून एकेक करून सगळे उठले. त्यांनी आणलेली मोहाची मडकी तशीच परत नेली. बापाला पाणी पाजणारा माणूस आपल्या पोरांना काय शिकवणार? वर्षभर हा रोज झोपडी झाडायचा, घंटा बडवायचा आणि पाटीवर तारीख लिहून एकटाच बसायचा. कुणाचं वासरू मेलं, कुणाला ताप आला, तरी याचा बाप तहानलेला हिंडतोय म्हणत. शाळाखात्याचा साहेब तपासणीला आला, पट कोरा बघून शाळा काढून घेतली. बायकोला तिचे भाऊ येऊन घेऊन गेले.

"तेव्हाच का नाही सांगितलंस रे मला?"

"तुम्ही देव्हाऱ्यातलं पाणी दिलं होतं, बाई."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! मला वाटलं जमीन दुभंगावी. "मग आता पुन्हा सोड ना धार," मी म्हणाले. "सोडता येते ना?"

"सोडता येते," म्हणाला आणि पुढं काहीतरी बोलणार होता. पण मी थांबते कुठं! तशीच उठले, पदर डोक्यावरून घेतला आणि भर दुपारी रस्त्यानं खालच्या टोकाला गेले. गुत्त्याच्या दाराशी आमच्याच वसतिगृहाची पोरं दारू पिऊ नका म्हणून धरणं धरून बसली होती. मला बघून त्यांची घोषणा घशातच राहिली. दुकानदार तर उभाच राहिला. "बाई, तुम्ही?" मी म्हणाले, "मोहाची एक बाटली. चांगली दे." रस्त्यावरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या. उघडू देत म्हटलं, मेल्यांनो, बघून घ्या.

ओट्यावर आले आणि बाटली त्याच्या हातात दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. माझ्या पायाशी वाकला आणि निघून गेला. मला वाटलं, फेडलं बाई मी. केलेली चूक निस्तरली.

संध्याकाळी हे घरी आले. गावानं सगळं कानावर घातलेलं होतंच. पागोटंही न काढता माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हा कर."

इतक्या वर्षांच्या संसारात मी यांना उलटून बोलले नव्हते. त्या दिवशीही नाही बोलले. 'हा' केलं. यांनी हुंगलं आणि हात धुवायला मोरीत गेले. त्यानंतर आम्ही एका घरात राहिलो, एवढंच.

पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच्या पाड्याची एक बाई चारोळ्या विकायला दारी आली. मी आधी तेच विचारलं, मास्तरनं धार सोडली ना? पाड्यानं घेतलं ना परत?

तिनं माझ्याकडे वेडीकडे बघावं तसं बघितलं. "दुकाननी नहीं चालस, बाई," ती म्हणाली. मेलेल्यासाठीचा मोह भाऊबंदांनी आपल्या चुलीवर गाळलेला लागतो, घराघरातून थोडा थोडा आणून एका मडक्यात ओतलेला. त्याला तो कोण देणार? तो तर कधीच नवापूरकडे लाकूडतोडीला निघून गेला.

"मग त्याला माहीत नव्हतं का? माझ्याकडून घेतली कशाला त्यानं?"

"तुम्ही दिली म्हणून," ती म्हणाली. आणि चारोळ्या मापता मापता सांगितलं, की बाटली शाळेच्या झोपडीत फळ्याखाली तशीच उभी आहे, बूच न काढलेली.